कोटाला टाचलेलं वाक्य

विहीणबाईंनी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या ओठांत तीन टाचण्या होत्या. तेवढ्यावर मी त्या रविवारपुरती सुटले.

दर रविवारी अकरा वाजता मुलाचा फोन येतो. दुकान त्या दिवशी बंद असतं. पण आमच्या दुकानाचं मागचं दार आमच्याच स्वयंपाकघरात उघडतं, त्यामुळे बंद म्हणजे पुढचं शटर खाली आणि आत मशीन चालूच. फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवायचा आणि बोलता बोलता कुणाच्या तरी पँटची पट्टी वर घ्यायची, असा शिरस्ता. त्या दिवशी मुलगा चार्जर शोधायला आत गेला. सातवा महिना लागल्यापासून सूनबाई सोफ्यावर आडवी असते, ती काही चौकटीत दिसत नव्हती. पडद्यावर उरल्या एकट्या विहीणबाई. त्यांना स्पॅनिश सोडून दुसरी भाषा येत नाही, आणि एरवी त्या माझ्याशी निम्मं हातांनीच बोलतात. त्या दिवशी त्यांनी हात मांडीवर ठेवले, चष्मा काढला आणि एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला घास भरवावा तसं विचारलं, "ते केदारीआस कोन नोसोत्रोस?"

मला कळलं. दुर्दैव असं, की पूर्ण कळलं. राहशील का आमच्याजवळ?

मी टाचण्यांकडे बोट दाखवलं. त्या हसल्या. मुलगा आला आणि "काय म्हणतायत?" म्हणाला, तर त्यांनी त्याला गप्प करून भराभर काहीतरी सुनावलं. त्याचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला.

"आई, त्या म्हणतायत, उत्तर पुढच्या रविवारी. आणि मी मध्ये बोलायचं नाही. तुझं तू सांगायचं." मग म्हणाला, "मीच विचारणार होतो गं. बाळ व्हायच्या आधी. म्हणजे थोडे दिवस नाही, राहायलाच. खोली आहे."

"बघू," मी टाचण्या काढून म्हटलं.

समोरच्या मशीनवर ताई काजं करत होती. तिने मान वर केली नाही. तिला स्पॅनिश येत नाही, पण 'खोली आहे' हे मराठीतच होतं.

*

ताईबद्दल सांगायलाच हवं. ताईने लग्न केलं नाही. मी केलं, ते सात वर्षांत आटोपलं. माझा नवरा गेला, देवाघरी नव्हे, दुसऱ्या घरी. तीन वर्षांचं पोर कडेवर घेऊन मी ताईच्या दाराशी उभी राहिले. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, सगळं वाटेत पाठ केलं होतं. ताई म्हणाली, "आत ये, सुईत दोरा ओवून दे. मला दिसत नाहीये." दोरा ओवायला आत गेले त्याला तेवीस वर्षं झाली. पोराला तिने वाढवलं म्हणायचं की मी, याचा निकाल अजून लागलेला नाही. तो तिला मावशी म्हणतो, पण ताप आला की आधी तिलाच सांगायचा.

आमची दोन मशीनं समोरासमोर आहेत. तिने पाय दाबला की माझ्या टेबलावरची कात्री थरथरते. आम्ही नवं काही शिवत नाही, लोकांचं शिवलेलं दुरुस्त करतो. कुणी बारीक झालं, कुणी जाड झालं, कुणाची चेन गेली, कुणाचं अस्तर फाटलं. ताई म्हणते, आपलं दुकान म्हणजे लोकांच्या बदललेल्या बेतांचं दुकान.

आणि दुकानाचा एक कायदा आहे. तो का झाला, तर एका वकीलबाईंच्या कोटामुळे. ताई म्हणते, तिने मला 'बाही दोन बोटं' सांगितलं. मी म्हणते, चार. बाही चार बोटं गेली. कापलेलं कापड काही परत वाढत नाही. वकीलबाई तो कोट घातला की हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात, असं आमच्या कानावर आलं. आम्ही दोघी तीन दिवस एकमेकींशी बोललो नाही. चौथ्या दिवशी ताईने जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापून डबाभर मध्ये ठेवल्या आणि सांगितलं: तोंडी बोललेलं हवेत. काम असेल ते चिठ्ठीवर. चिठ्ठी कपड्याच्या आत, डाव्या बाजूला टाचायची. जिच्या हाती लागेल तिने वाचायची, विचारायचं काही नाही, करून टाकायचं. झालं की निळ्या खडूने बरोबरची खूण करायची आणि चिठ्ठी परत तिथेच टाचायची.

वीस वर्षांत त्या कायद्याने आमचं एकही भांडण होऊ दिलं नाही. म्हणजे, कपड्यांवरून.

*

आता स्पॅनिशचं. मुलगा जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. एका बंदरात काम लागलं, तिथेच त्याचं लग्न जमलं. लग्न आम्ही फोनवर पाहिलं. तासभर मी नुसती हसत होते, शेवटी गाल दुखायला लागले. विहीणबाई मध्येच येऊन पडद्याला तोंड लावून लांबलचक काहीतरी बोलल्या आणि रडल्या. मी म्हटलं, "हो हो." त्या रात्रभर मनात तेच, की बाई काय बोलली असेल आणि मी कशाला हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणलं. मधली दहा पानं नव्हती, म्हणून भूतकाळ मला अजूनही येत नाही. बाकीचं मशीनवर बसून शिकले. फोनमधली बाई म्हणते, मी तिच्यामागून म्हणते. ताईला सुरुवातीला करमणूक वाटली, मग वैताग. "त्या बाईला सांग जरा हळू, माझा टाका चुकतो."

ती भाषा चमत्कारिक आहे. आपण उठतो, आंघोळ करतो, थांबतो, निघतो. तिथे माणूस स्वतःच स्वतःला उठवतो, स्वतःला धुतो, निघायचं तरी स्वतःला निघवतो. आधी 'मे' म्हणायचं, मग क्रियापद. जणू आपण म्हणजे एक सामान आहोत आणि हमालही आपणच. मला हे पटकन जमलं. तेवीस वर्षं तेच तर केलंय.

मग आला चौदावा धडा. 'असं झालं असतं तर मी तसं केलं असतं' हे सांगायचा धडा. पुढे 'मे' आणि शेपटीला 'रीआ'. मे केदारीआ, मी राहिले असते. मे पेर्देरीआ, मी हरवले असते. मे आकोस्तुंब्रारीआ, मला सवय झाली असती, पण हे म्हणेपर्यंत सवय होऊनही गेली असती. धड्याखाली दहा ओळींचा अभ्यास होता. प्रत्येक ओळीची सुरुवात तीच, सि पुदिएरा, मला जमलं असतं तर. पुढे रिकामी जागा. हवं ते भरा.

कागद हाताशी नव्हता म्हणून डब्यातल्या चिठ्ठ्या घेतल्या. एका बाजूला त्यांची भाषा, दुसऱ्या बाजूला आपली. दहा झाल्या. त्या माझ्याच कोटाच्या अस्तराला टाचून ठेवल्या. कोट मशीनच्या मागे खुंटीला असतो, येताजाता उघडून बघायचं. डोक्यात राहावं एवढाच हेतू. देवाशपथ.

*

त्या रविवारनंतरचा आठवडा माझा मलाच झेपला नाही. बसले की उठावंसं वाटे, उठले की कशाला उठले ते आठवेना. सोमवारी पोस्टमनच्या शर्टाचे दोन्ही खिसे शिवून बंद केले. तो बिचारा हात घालायला गेला आणि छातीवर थापट्या मारत राहिला. मंगळवारी पडद्याची तीन हात शिवण उसवून काढली, मग लक्षात आलं की ती ठीकच होती, चिठ्ठी दुसऱ्या पडद्याची होती. पहाटे जाग यायची आणि पाय आपोआप चालायला लागायचे. स्वयंपाकघर, दुकान, शटर, परत स्वयंपाकघर. एकोणीस पावलं जायला, एकोणीस यायला.

जावं असं वाटत होतं का? हाच तर घोळ होता. वाटत होतं. त्या पोराचं पोर माझ्या मांडीवर असावं, त्याने माझ्या अर्ध्यामुर्ध्या स्पॅनिशला हसावं, हे फार फार वाटत होतं. आणि लगेच समोरची ताई दिसायची, नाकावर चष्मा, सुई उजेडात धरलेली, दोरा बाहेरून जातोय. मी हात पुढे करायची, ती न बघता सुई द्यायची. हे सोडून जायचं म्हणजे काय, कोटाची बाही थोडीच आहे.

ताईही त्या आठवड्यात जरा निराळीच होती, पण माझंच मला पुरे होतं. सोमवारी तिने माझ्यापुढे वही टाकली. "तुझ्या डोक्यातली मापं हिच्यात उतरव. सगळी."

"कशाला? डोकं शाबूत आहे की माझं."

"पोस्टमनला विचारू का?"

मी लिहायला बसले. बुधवारी बटणवाली आली. दोन दुकानं सोडून तिचं बटणांचं दुकान होतं, ते महिन्याभरापूर्वी बंद झालं. गप्पा मारता मारता ताई तिला म्हणाली, "बसून तर बघा." आणि बटणवाली चक्क माझ्या मशीनवर बसली. एक सरळ शिवण मारली. बरी मारली.

"खुर्ची जरा उंच आहे ना?" ती म्हणाली.

"पाय कापून बसकी करता येईल," ताई म्हणाली.

मी हातात इस्त्री धरून उभी. ती माझी खुर्ची होती, आणि त्या दोघी तिच्या पायांची चर्चा करत होत्या.

*

गुरुवारी काळा दोरा संपला. आणायला जायचं म्हणून खुंटीवरचा कोट काढला. हात घालताना अस्तरातून काहीतरी टोचलं. उघडून बघितलं. दहा चिठ्ठ्या तशाच होत्या, फक्त चौथी उलटी टाचलेली होती. मराठी बाजू वर.

'मला जमलं असतं तर मी निघून गेले असते.'

आणि खाली निळ्या खडूची, ठसठशीत, बरोबरची खूण.

मी तो कोट तसाच, एक हात आत आणि एक बाहेर, घेऊन ताईच्या समोर उभी राहिले. चिठ्ठी तिच्या मशीनवर ठेवली.

"हे काय?"

"झालं म्हणून खूण केली," ताई म्हणाली. मशीन थांबवलं नाही. "मापं वहीत आली. बटणवाली सोमवारपासून यायला तयार आहे. वरच्या फळीवरचं तुझं सामान खोक्यात भरायचं राहिलंय, पण ते काही चिठ्ठीत बसत नाही."

"ताई, अगं हा अभ्यास होता. पुस्तकातलं वाक्य आहे."

"पुस्तकातलं?"

"हो. रिकाम्या जागा भरा."

आता तिने मशीन थांबवलं. चष्मा कपाळावर चढवला. "भरल्या कुणी?"

त्या जागेत काहीही चाललं असतं. मी आंघोळ केली असती, मी दात घासले असते. धड्यात क्रियापदांची अख्खी यादी होती. मी चौथ्याच ओळीला ते वाक्य लिहिलं होतं, आणि लिहिताना हात थांबला नव्हता.

"कोटाचा लूप तुटलेला म्हणून घेतला मी शिवायला," ताई म्हणाली. "तीन आठवडे झाले. आत बघते तर चिठ्ठ्या, त्यांत काम म्हणावं अशी एकच. डाव्या बाजूला. तुझ्या अक्षरात. आता वीस वर्षांत मी चिठ्ठी वाचून प्रश्न विचारला आहे का कधी?"

"मग मला विचारायचंस तरी."

"तू मला विचारलंस?"

"काय विचारू? की ताई, तुला एकटीला टाकून जाऊ का?"

"टाकून," ताई म्हणाली. "मी काय छत्री आहे?"

मला हसू आलं आणि त्याचा राग आला. "तुला सुईत दोरा ओवता येत नाही."

"बटणवालीला येतो. तिचे डोळे तुझ्यापेक्षा बरे आहेत."

"म्हणजे तुला मी नकोच आहे."

"छोटी," ती म्हणाली. पन्नाशीच्या बाईला छोटी म्हणणारं एवढं एकच माणूस जगात उरलंय. "चार महिने झाले, सुनेची बातमी आल्यापासून तू इथे कशी बसतेस माहीत आहे? बसच्या थांब्यावर बसावं तशी. एक पाय पुढे. समोर बसून ते बघायचं म्हणजे माझ्या डोक्याला ताप. गेलीस तर मला त्रास होईल. होईलच, दगड नाहीये मी. पण माझ्यासाठी म्हणून थांबलीस, तर मरेपर्यंत तुझं ते उपकाराचं तोंड मला समोर बघावं लागेल. ते मला नाही जमणार."

"माझं तोंड उपकाराचं नाही."

"आरशात बघ. मंगळवारी पडदा उसवताना होतं."

मी दोरा आणायला निघाले, निघाले म्हणजे काय, मागे न बघता चालत सुटले. दोऱ्याचं दुकान मागे पडलं, शाळा, दवाखाना मागे पडला. कोटाचा एक हात अजून लोंबत होता. डोक्यात राग होता, की हिने मला न विचारता माझ्या जागी माणूसही बसवलं. आणि रागाच्या खाली, चपलेत खडा असावा तसं दुसरं काहीतरी टोचत होतं. तीन आठवडे. ती चिठ्ठी वाचून तीन आठवडे तिने तोंडातून शब्द काढला नाही. एकेक काम उरकत गेली. समोर बसून काजं करता करता.

परत आले तेव्हा काळ्या दोऱ्याऐवजी गडद निळा आणला होता. ताईने बघितला आणि त्यानेच शिवायला लागली.

*

शुक्रवार, शनिवार मी अभ्यास केला. जाईन म्हणायचं तर काय म्हणायचं, नाही म्हणायचं तर काय, दोन्ही तयार ठेवलं. दुकानात आम्ही पँटला दोन मापांचे हुक लावून ठेवतो तसं, पोट कसंही असो. ताई विचारत नव्हती. मी सांगत नव्हते. मला स्वतःलाच दर तासाला वेगळं ऐकू यायचं.

रविवारी अकराला पाच कमी असताना ताई उठली. "कप घासायचेत," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. दोन कप होते. नळ मात्र धो धो सोडला.

फोन वाजला. मुलगा, सून आणि मध्ये विहीणबाई. त्या दिवशी तोंडात टाचण्या नव्हत्या. विहीणबाईंनी चष्मा काढला आणि तोच प्रश्न परत विचारला.

मी म्हटलं, "मे केदारीआ." राहीन मी.

वाक्य पुढे न्यायचं होतं, पण विहीणबाईंनी हात वर केला. त्यांनी अजून एक विचारलं, ते मी तयार केलेल्यांत नव्हतं. तुला कंटाळा नाही का येणार?

मुलाने तोंड उघडलं, मिटलं.

"मे आबुर्रिरीआ," मी म्हटलं. मला कंटाळा येईल. जीभ दोनदा अडखळली. "मे एन्फादारीआ." मी चिडेन. "मे पेर्देरीआ." मी हरवेन, बाजारात, रस्त्यात, तुमच्या बोलण्यात. आणि शेवटी ते लांबलचक, सवय होईल वालं. ते तीन हप्त्यांत म्हटलं. विहीणबाई ओठ हलवून प्रत्येक हप्त्याला माझ्याबरोबर होत्या. संपल्यावर त्या हसायला लागल्या, मग रडायला. या वेळी कशाला रडतात ते मला कळलं. मुलगा म्हणाला, "आई, म्हणजे येतेस?" मी म्हटलं, "तुझी सासू सांगेल," आणि फोन ठेवला.

आता उठून आत जायचं होतं. एकोणीस पावलंसुद्धा नव्हती, अकरा होती. पण त्या भाषेत पाच वाक्यं बोलून आलेली जीभ मराठीत वळेना. तिकडे सगळं शेपटाला 'रीआ' लावून बोललं होतं, हातभर लांबून, जणू दुसऱ्या कुणा बाईबद्दल. ताईला असं लांबून सांगता येणार नव्हतं.

नळ चालूच होता. ताई तोच कप घासत होती.

"मी जाणार आहे," मी म्हटलं.

तिने नळ बंद केला. स्वयंपाकघर एकदम मोठं झालं.

"कधी?"

"बाळाच्या आधी पोचायला हवं."

"म्हणजे महिना, फार तर दीड." तिने कप पालथा घातला. "बटणवालीला चेन लावता येत नाही. वाकडी लावते. ते शिकवून जा."

"शिकवते."

"आणि तिला म्हणावं, मधून मधून गप्प बसत जा. दिवसभर बोलते."

"ते तू सांग."

"तिकडे मशीन आहे का?"

"माहीत नाही."

"विचार. रिकाम्या हातांनी बसलीस तर त्या विहीणबाईंचं डोकं खाशील. बिचारी स्वतःहून बोलावतेय, तिला कल्पना नाही." तिने दुसरा कप धुऊन माझ्याकडे केला. मी फडकं घेतलं. तिने हात कोरडे केले, चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"वर्षातून एकदा येईन मी," मी म्हटलं.

"ये. खुर्चीचे पाय मात्र कापलेले असतील."

"मी स्टुलावर बसेन."

"बघू," ताई म्हणाली. मग माझ्या हातांकडे बघून, "छोटी, तो कप कधीचा कोरडा झालाय. ठेव आता."